उलटी मुरड

मटार स्वस्त झाले की मला माणसांचा राग येतो. याला काही अर्थ नाही, हे मलाही कळतं. मटारने माझं काय घोडं मारलंय? पण थंडी पडते, डोंबिवलीच्या बाजारात हिरव्या शेंगांचे ढीग लागतात, भाजीवाला मूठभर शेंगा जास्तीच्या टाकून “घ्या आजी, एकदम गोड आहेत” म्हणतो, आणि माझं डोकं फिरतं. घरी येऊन मी वर्तमानपत्र पसरते, शेंगा ओतते, पहिल्या शेंगेच्या पोटावर अंगठा दाबते. ती टचकन उघडते. आत दाणे एका ओळीत गुपचूप बसलेले असतात. ते बघून लोकांना म्हणे प्रसन्न वाटतं. मला माझ्या ताईचा हात आठवतो. डावा हात.

आम्ही दोघीच बहिणी. ताई थोरली, मी तिच्याहून बरीच धाकटी. अप्पा ठाण्याला कचेरीत कारकून होते आणि आम्ही डोंबिवलीत राहायचो. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. रेशन मात्र तसंच चालू होतं, त्याला कोणी स्वातंत्र्य मिळाल्याचं कळवलं नसावं. डोंबिवली म्हणजे तेव्हा स्टेशन, दोन-तीन रस्ते, विहिरी आणि बांबूची बेटं. संध्याकाळी दिवेलागणीला कंदिलाच्या काचा राखेने पुसायचं काम माझ्याकडे असे. थंडीत पहाटे खाडीकडून धुकं येई आणि अंगणातल्या तुळशीपर्यंत येऊन थांबे.

त्या धुक्यातून डोक्यावर पाटी घेऊन आगऱ्यांची एक बाई दारावर यायची. वालाच्या शेंगा, तुरीच्या शेंगा आणि कल्याणच्या बाजारातून उचललेला मटार. पाटी उतरवायला हात लावावा लागे. एकदा ताई सहज पुढे झाली आणि तिने डावा हात लावला. बाई तशीच डोक्यावर पाटी घेऊन दोन पावलं मागे सरकली. “उजवा हात लाव गो बाय,” ती म्हणाली, “सकालच्या पारी डाव्यानं धंदा बुडंल माझा.” ताईने हात मागे घेतला. आईने पुढे होऊन पाटी उतरवली आणि मग शेंगा निवडता निवडता त्या बाईलाच म्हणाली, “काय करणार हो, किती सांगितलं तरी ऐकत नाही.” जणू ताई हट्टाने डावरी झाली होती.

डावरी मुलगी म्हणजे त्या काळी चकणी, लंगडी यांच्याच रांगेतली. वाढणं डाव्या हाताने नाही, देणं-घेणं नाही, कुंकू लावणं नाही. ताईचा हात आईने लहानपणापासून बांधला होता. बांधला म्हणजे खरोखरच बांधला. जुन्या लुगड्याचा काठ फाडून ती जेवताना ताईचा डावा हात पाठीमागे बांधून टाकी. शाळेत मास्तर बोटांच्या पेरांवर पट्टी मारीत, ते वेगळंच. एवढ्या मेहनतीला यश आलं. ताई उजव्या हाताने लिहायला, जेवायला, वाढायला शिकली. अक्षर गिचमिड आलं, पण उजव्या हाताचं आलं. घरात सगळे समाधानी होते.

एक गोष्ट तेवढी राहून गेली. करंजीची मुरड.

आमच्याकडे मटारच्या करंज्या व्हायच्या त्या वर्षातून थंडीच्या त्याच दिवसांत. मैदा मिळायचा नाही. आई रेशनचे गहू दळून आणून ते पीठ वस्त्रगाळ करी, त्यात भिजवलेला रवा घाली आणि तो गोळा पाट्यावर वरवंट्याने इतका कुटी की शेवटी तो लोण्यासारखा मऊ होई. पाट्याचा तो धप् धप् आवाज ऐकला की शेजारपाजारच्या बायकांना कळे, आज यांच्याकडे करंज्या. मटार भरड कुटायचे, फार बारीक नाही. हिंगाच्या फोडणीत आलं-मिरची घालून ते परतायचे, वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू आणि उगीच चिमूटभर साखर. त्या सारणाचा वास स्वयंपाकघरातून निघून अप्पांच्या वर्तमानपत्रापर्यंत जाई, आणि अप्पा पान उलटून विचारीत, “झालं का?” आयुष्यात अप्पांनी घरातल्या बाबतीत विचारलेला हाच काय तो प्रश्न.

काही घरांत करंजीची कड कातणाने कातत. दातेरी चाक फिरवलं की झालं. आमच्यात ते आळशीपणाचं समजत. आमच्यात मुरड घालायची. एका तळहातावर करंजी धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कड जरा ओढायची, दुमडायची, दाबायची, पुन्हा ओढायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरखंडाला असतो तसा पीळ उमटत जातो. घट्ट मुरडीची करंजी तेलात उकलत नाही. आईने ताईला हे शिकवलं ते समोर बसवून. ताई पाचसहा वर्षांची, आई तिच्यासमोर पाटावर. आईचा जो हात हलायचा त्याच्या समोरचा हात ताईने हलवला, आरशात बघून शिकावं तशी शिकली. आईच्या लक्षात येईपर्यंत ताईच्या डाव्या अंगठ्यात ती विद्या कायमची बसली होती.

आणि काय बसली होती! मी पुढे पुष्कळ घरच्या करंज्या खाल्ल्या. तशी मुरड पाहिली नाही. बारीक, एकसारखी, घडी कुठे संपते आणि कुठे सुरू होते ते कळू नये अशी. फक्त पीळ उलटा. आईच्या करंज्यांचा पीळ उजवीकडे झुकायचा, ताईच्या करंज्यांचा डावीकडे. ताटात शेजारी ठेवल्या तर एकमेकींशी भांडून तोंडं फिरवून बसल्यासारख्या दिसत. आई ताईच्या करंज्या घरात खाऊ देई. पाहुण्यांच्या ताटलीत कधी जाऊ देत नसे.

एका थंडीत ताईला बघायला कल्याणची मंडळी यायची ठरली. मुलगा चांगला होता, नोकरीत होता, वडील नव्हते, आई होती. कल्याणात तळ्याच्या अंगाला स्वतःचं घर. ताईचं वय वाढत चाललं होतं आणि आधी येऊन गेलेल्यांनी काही कळवलं नव्हतं. आईने नुसतं “हे जमलंच पाहिजे” असं म्हटलं नाही, ती तशी चालायला-बोलायला लागली. घरातल्या घरात ताईची तालीम सुरू झाली. पाण्याचा पेला उजव्या हातात, नमस्कार झाल्यावर पदर सावरायचा तोही उजव्याने, बसायचं तर डावा हात मांडीवर खाली आणि त्याच्यावर उजवा. झाकून.

त्या दिवशी मुरड आईने घातली. ताईने पाऱ्या लाटल्या, ओल्या फडक्याखाली ठेवल्या, सारण भरून आईकडे दिलं. “मुलीनंच केलंय सगळं” हे म्हणायला इतकं पुरेसं होतं. शेगडीवर कढई तापली होती. मध्येच अंगणात कुणी हाक मारली म्हणून आई उठून बाहेर गेली. ताईने फडक्याखालची एक पारी उचलली, सारण भरलं आणि बघता बघता डाव्या अंगठ्याने मुरड घालून करंजी इतरांच्या रांगेत ठेवून दिली. मी तिच्याकडे बघत राहिले.

“एक तरी माझी असू दे गं,” ती म्हणाली आणि हसली.

ते हसू मला अजून स्पष्ट आठवतं. त्यात भीती नव्हती. चांगलं काम येणाऱ्या माणसाला आपलं काम कुणीतरी बघावं असं वाटतं, तेवढंच होतं त्यात.

कल्याणच्या बाईंना सगळे माई म्हणत. गोऱ्या, ठेंगण्या, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. त्यांनी ताटली हातात घेतली, लगेच खाल्लं नाही. ताटली फिरवून फिरवून बघितली. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीकडे बघतात असा माझा समज होता. माई करंज्यांकडे बघत होत्या.

“मुरड सुरेख आहे हो,” त्या म्हणाल्या. “ही एक मात्र उलटी दिसते. ही कोणाच्या हातची?”

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. ताईच्या मांडीवरचा वरचा हात खालच्या हातावर घट्ट दाबला गेला. आणि आईने, एक क्षणही न दवडता, माझ्याकडे बोट केलं.

“ती होय? ती आमच्या या धाकटीची. मध्येमध्ये लुडबुड करते.”

“असं का? ये गं बाळ इकडे.” माईंनी तीच करंजी उचलून माझ्यासमोर धरली. “घे.”

मी लहान होते पण मूर्ख नव्हते. त्या काय बघताहेत ते मला कळलं. मी ताईकडे पाहिलं. ताई जमिनीकडे बघत होती. मी डावा हात पुढे केला.

माई खळखळून हसल्या. “हिला आत्ताच वळण लावा हं. नाहीतर पुढे कोण पत्करणार हिला?” सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. ताईसुद्धा हसली. त्याच आठवड्यात होकार आला आणि त्या दिवसापासून कल्याणात मी डावरी झाले. ताईच्या लग्नात त्यांच्याकडच्या बायका मला मुद्दाम काहीतरी द्यायच्या आणि मी कोणता हात पुढे करते ते बघून एकमेकींना कोपराने ढोसायच्या. मी दर वेळी आठवणीने डावा हात करायची. मला वाटायचं, एवढ्यावर भागतंय तर काय हरकत आहे.

परवा आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी माझ्याकडे बसून मटार सोलत होती. डाव्या हाताने. तिची आई तिथेच होती, काही बोलली नाही. उलट म्हणाली, “आमची लेफ्टी आहे ना, हुशार असतात म्हणे.” मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. इतकं सोपं होतं का हे? नुसतं काही न बोलणं? एवढंच करायचं होतं, आणि माझ्या भोवतीच्या इतक्या शहाण्या माणसांतल्या एकालाही ते जमलं नाही.

ताईचं लग्न झालं आणि पहिली संक्रांत आली. ताईला काळी चंद्रकळा नेसवली होती, अंगावर हलव्याचे दागिने. काटेरी पांढऱ्या हलव्याचा हार, बाजूबंद, बिंदी. ती इतकी सुंदर दिसत होती की मी तिला हात लावायला घाबरत होते, हलवा गळून पडेल म्हणून. आई आणि मी डोंबिवलीहून वाण घेऊन गेलो होतो. माईंनी अर्धं कल्याण हळदीकुंकवाला बोलावलं होतं. बायका बसल्या, अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि ताटल्या आल्या. तीळगुळाबरोबर मटारच्या करंज्या.

सगळ्या उलट्या मुरडीच्या.

पुढे ताईने सांगितलं ते असं की, आदल्या दिवसापासून माई स्वयंपाकघराच्या दारात बसून होत्या. “तुझ्या माहेरी केल्या होत्यास तशाच कर,” म्हणाल्या. ताईने उजव्या हाताने करून बघितल्या. कढईत पडल्याबरोबर एकेक उकलली, सारण बाहेर आलं, तेल काळं झालं. शेगडीवरून कढई उतरवून तेल गाळलं, पुन्हा चढवलं, पुन्हा तेच. शेवटी बायका यायची वेळ जवळ आली तेव्हा माईच म्हणाल्या, “अगं, जमत असेल त्या हातानं कर. मी काही म्हणणार नाही.” ताईला वाटलं, सुटले. तिने सगळ्या करंज्या डाव्या हाताने केल्या, भराभर, मन लावून. माईंनी खरंच काही म्हटलं नाही. सगळ्या ताटल्या बायकांसमोर मांडून होईपर्यंत.

“घ्या हो,” मग त्या त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाल्या, “आमच्या नव्या सूनबाईंच्या डाव्या हातच्या करंज्या.”

एकीनेही करंजीला हात लावला नाही. तीळगूळ सगळ्यांनी उचलला. कुणी म्हणालं पोट ठीक नाही, कुणी म्हणालं तळलेलं चालत नाही. माई आईकडे वळल्या. “विहीणबाई, धाकटी डावरी म्हणाला होतात ना तुम्ही?”

मला वाटलं, आता आई बोलेल. आता काय राहिलं होतं लपवायला? लग्न होऊन गेलं होतं. आईने पदर सारखा केला. “थोरलीचं आमच्या कधी लक्षातच आलं नाही हो,” ती म्हणाली.

ताईने मान वर करून आईकडे पाहिलं. तिच्या कपाळावरचा हलवा थरथरत होता. रडली नाही. त्या दिवशी मला आईची इतकी किळस आली की येताना गाडीत मी तिच्याशेजारी बसले नाही. करंज्या परत आल्या तशा माईंनी ताईलाच पाटीत भरायला लावल्या आणि गवळ्याच्या म्हशीपुढे ओतायला लावल्या. म्हशीने उजवं-डावं काही पाहिलं नाही, सगळ्या खाल्ल्या.

माईंनी ताईला माहेरी पाठवलं नाही. “परत पाठवणाऱ्यातली मी नव्हे,” त्या सगळ्यांना सांगत. “मी वळण लावीन.” आणि गावात त्यांचं कौतुक झालं.

पुढच्या थंडीत मी मटार घेऊन कल्याणला गेले तेव्हा वळण कसं लावतात ते मला बघायला मिळालं. ताई स्वयंपाकघरात पाऱ्या लाटत होती आणि तिच्या डाव्या हाताला मनगटापर्यंत पिशवी होती. खणाची, लाल, हिरव्या काठाची. मनगटावर बांगड्यांसकट नाडीने आवळून बांधलेली. खण मी ओळखला. लग्नात आईने ज्या खणाने तिची ओटी भरली होती तोच तो होता. माईंनी तो ताईलाच फाडायला लावला आणि पिशवी तिलाच शिवायला लावली होती. उजव्या हाताने.

करंजी धरण्यापुरता डावा हात लागतो, त्याला पिशवी आड येत नाही. अंगठा तेवढा आत राहतो. पीठ, तूप लागून पिशवी रोज कडक व्हायची, ताई ती रोज धुवायची, वाळत घालायची, पुन्हा घालायची. स्वयंपाकघरात पाऊल ठेवण्याआधी घालायची आणि मागची आवराआवर झाली की काढायची. आतल्या बांगड्यांचा आवाज येत नसे. लाटताना फक्त उजव्या हाताच्या बांगड्या वाजत, आणि ते ऐकायला काहीतरी चुकल्यासारखं वाटे.

मी धीर करून माईंना विचारलं, “कधी काढणार पिशवी?”

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. “मुरड जमली की काढू हं, बाळ,” त्या म्हणाल्या.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, तिथेच पाटावर चहा पीत होते. वाईट माणूस नव्हता. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, “आईचं जरा कडक असतं. पण तिच्या भल्यासाठीच ना.” घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आई ऐकत ऐकत तांदूळ निवडत होती. म्हणाली, “परत तर नाही ना पाठवलं तिला? मग झालं.” अप्पांनी वर्तमानपत्राची घडी उलटी घातली आणि मागचं पान वाचायला घेतलं.

त्या घरातल्या कुणालाही तुम्ही दुष्ट म्हटलं असतं तर त्यांना खरोखर धक्का बसला असता. माई व्रतवैकल्यं करीत, भिकाऱ्याला विन्मुख पाठवीत नसत, मांजराच्या पिल्लांना वाटीत दूध ठेवीत. मला म्हणून तर ते जास्त भयंकर वाटतं. चिडून मारणारं माणूस थकतं तरी. माईंना चिडताच येत नव्हतं, त्यामुळे त्यांना थकायचं कारणच नव्हतं.

थंड्या येत राहिल्या. मटार येत राहिला. दर थंडीत मी पिशवीभर शेंगा घेऊन कल्याणला जाई, टांगा तळ्याजवळ सोडी आणि आत शिरण्याआधी स्वयंपाकघरातला बांगड्यांचा आवाज ऐके. एका हाताचा की दोन्ही हातांचा. एका वर्षी दोन्ही हातांचा आला. मी धावत आत गेले. ताईच्या हाताला पिशवी नव्हती. परातीत करंज्या मांडल्या होत्या, पीळ उजवीकडे झुकलेला. बारीक नव्हता, एकसारखा नव्हता, पण सरळ होता. “जमली,” ताई म्हणाली. मी तिचा डावा हात हातात घेतला. तो पांढुरका, मऊ पडला होता. माझ्या हातात तो पडून राहिला, त्याने माझा हात धरला नाही. काम नसलं की ताई तो पदराखाली ठेवायची. पिशवी धुऊन, घडी करून तिने स्वतःच्या ट्रंकेत ठेवली होती. “टाकून का नाही दिलीस?” मी विचारलं. “असू दे,” म्हणाली.

ते दशक सरता सरता माईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. तोंडातून नुसता एक आवाज निघे, हो म्हणायचं असलं तरी तोच आणि नाही म्हणायचं असलं तरी तोच. ताई त्यांचं सगळं करायची. कूस बदलायची, अंग पुसायची, केस विंचरायची, घास भरवायची. गावातल्या बायका म्हणत, सून असावी तर अशी. आणि ते खरंच होतं, माईंच्या पाठीला एक जखम झाली नाही.

त्या थंडीत मी मटार घेऊन गेले तेव्हा मलाही बघायला येऊ लागले होते. माईंना मधल्या खोलीत खाटेवर उशांना टेकवून बसवलं होतं. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसायचं. भाऊजी कामावर गेले होते. मी आनंदात होते, उगीच लपवत नाही. बाई पडली होती, बोलू शकत नव्हती, आणि ताई मोकळी होती. मीच शेंगा सोलल्या, मीच सारण केलं, पाऱ्या लाटल्या आणि पहिली पारी ताईच्या पुढे धरली.

“आता कर,” मी म्हणाले. “तुझ्या हातानं. कोण काय म्हणणार आहे?”

“त्या बघताहेत की,” ताई म्हणाली.

“बघू देत. त्यांनीच बघायला हवं.”

ताईने हात धुतले. पारी उजव्या तळहातावर घेतली, सारण भरलं, कड दाबली. मग डावा हात पदराखालून बाहेर काढला. पहिली घडी पडली. दुसरी घडी घालताना अंगठा घसरला. तिने कड पुन्हा जुळवली, पुन्हा ओढली, आणि पारी फाटून मटारचं सारण तिच्या बोटांवरून खाली पडलं. दुसरी घेतली. तीही तशीच. तिसऱ्या वेळी अंगठा कडेपाशी नुसता थांबला. कुठे जायचं ते त्याला कळत नव्हतं. ताई त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली, दुसऱ्याच्या मुलाकडे बघावं तशी.

“विसरला,” ती म्हणाली.

मला रडू आलं. तिला आलं नाही. तिने फाटलेल्या पाऱ्यांचा गोळा केला, राहिलेल्या सगळ्या करंज्या उजव्या हाताने मुरडल्या, तळल्या, ताटलीत रचल्या आणि ताटली घेऊन माईंच्या खाटेपाशी गेली. मी मागोमाग गेले. तळणीच्या वासाने माईंच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली होती. त्यांनी चालता हात पुढे केला. डावा. बोटं करंजीला टेकली तशी ताईने ताटली मागे घेतली.

“थांबा हं, माई,” ती म्हणाली. मऊ आवाजात. इतक्या मऊ की ऐकायला मी पुढे वाकले.

ती आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती. खण विटला होता, काठाची जर निघाली होती, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तिने माईंचा डावा हात पदराने स्वच्छ पुसला, बोटं एकेक करून आत सारली आणि मनगटावर नाडीची गाठ मारली. माईंच्या तोंडातून तो आवाज निघाला. त्यांचे डोळे माझ्याकडे वळले आणि माझ्यावरच राहिले.

ताईने स्वयंपाकघरात जाऊन त्या गोळ्याची एक पारी लाटली आणि ती चमचाभर सारणाबरोबर घेऊन आली. माईंचा निर्जीव उजवा हात उचलून तिने मांडीवर उताणा ठेवला, त्याच्यावर पारी पसरली, मधोमध सारण ठेवलं.

“मुरड जमली की काढू हं,” ती म्हणाली.

मग तिने करंज्यांची ताटली माझ्यापुढे धरली. “तू घे गं. गरम आहेत तोवर.”

खाटेवरून माई बघत होत्या. मी उजवा हात पुढे केला.